पांढरी कॅटफिश, लाल डोळे, पण नेमकी कोणती?

घरच्या टाकीतल्या माशांबद्दल वाचकांचे या वेळी आलेले प्रश्न वाचले तर निम्म्याहून जास्त लोकांना एकच गोष्ट विचारायची आहे, ही पांढरी कॅटफिश, म्हणजे मिशीवाला मासा, कोणती? कोणाची तळाला फिरणारी छोटी कोरी आहे, कोणाचा काचेला चिकटणारा सकर, कोणाचा चक्क मांगूर, आणि दुकानात सगळ्यांना एकच नाव सांगितलंय, अल्बिनो कॅटफिश. तर आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. अल्बिनो ही जात नाही. अंगात मेलॅनिन म्हणजे काळं रंगद्रव्य तयार होत नाही, बस एवढंच, आणि डोळे लाल दिसतात ते आतल्या रक्तामुळे. हे कोणत्याही जातीत होऊ शकतं. त्यामुळे ओळखायला रंग काही कामाचा नाही, उलट नेहमीच्या माशात ज्या पट्ट्या-ठिपक्यांवरून आपण पटकन नाव सांगतो तेच इथे पुसलेलं असतं. राहतं काय, तर फिन म्हणजे पर, मिशा, तोंड आणि वागणूक. आता एकेक बघू.

दादा, मी नागपुरात मानेवाड्याला राहतो. एक जोडी सीताबर्डीतून आणली, दुसरी नंतर सक्करदऱ्याकडून. दोन्हीकडे अल्बिनो कोरी म्हणूनच दिल्या. घरी आणल्यावर लक्षात आलं की एका जोडीचा पाठीवरचा फिन चांगला उंच, दुसरीचा बुटका. दुकानदार म्हणतो नर-मादीचा फरक, मित्र म्हणतो जातच वेगळी. आणि आता मे मध्ये पाणी 33 डिग्रीला जाऊन राहिलं, त्यात उंच फिनवाल्या कोपऱ्यात पडून असतात अन् बुटक्या मस्त फिरून राहिल्या. काहून असं?

तुमचा मित्र बरोबर आहे, निदान तुम्ही पाठवलेला व्हिडिओ बघून तरी. आणि खरी खूण तुम्ही शेवटी उन्हाळ्याचं जे लिहिलंय त्यातच आहे, तिथे येतो.

आपल्याकडे अल्बिनो कोरी म्हणून मुख्यतः दोन जाती विकतात. एक कोरिडोरास एनियस, म्हणजे साध्या रंगात जिला ब्रॉन्झ कोरी म्हणतात ती. दुसरी कोरिडोरास पॅलिएटस, म्हणजे पेपर्ड कोरी. साध्या रंगात लहान पोरगंही वेगळ्या सांगेल, एक तांब्यासारखी एकरंगी, दुसरीच्या अंगावर काळपट धब्बे. पण दोघींचा रंग काढून घेतला की दोन अडीच इंचाच्या, दोन ओळी चिलखताच्या, छोट्या मिशांच्या, तळाला नाक खुपसत फिरणाऱ्या गुलाबी बहिणी वाटतात. बरं, बहिणी म्हणायचीही सोय राहिली नाही, कारण 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी कोरिडोरास हा भला मोठा गट फोडला, त्यात एनियस ऑस्टिओगॅस्टरमध्ये गेली आणि पॅलिएटस हॉप्लिसोमामध्ये. दुकानात अर्थात पुढची वीस वर्षं कोरीच म्हणतील आणि आपणही म्हणू.

आता फिन. पॅलिएटसचा पाठीवरचा फिन उंच आणि टोकदार, पुढचे काटे लांब, नरात तर मासा थांबला की झेंड्यासारखा उभा दिसतो. एनियसचा बुटका, त्रिकोणी, टोक जरा गोलसर. दुकानदार अगदीच खोटं बोलत नाहीये, कारण पॅलिएटसमध्ये नराचा फिन मादीपेक्षा उंच असतोच. पण मग चारही एकाच जातीच्या असतील तर उंचवाले नर आणि बुटकेवाल्या माद्या असं व्हायला पाहिजे, आणि मादी वरून बघितली की लगेच कळते, पोटाशी रुंद असते, नर सडपातळ. तुमच्या व्हिडिओत तुम्ही एकदा फोन टाकीच्या वर धरलाय, तिथे थांबवून बघा, बुटक्या फिनवाल्यांपैकी एक रुंद आहे आणि एक बारीक. म्हणजे बुटक्यांमध्येच जोडी आहे. मग फिनाचा फरक नर-मादीचा कसा होईल?

दुसरी खूण उजेडाची. टाकीचा वरचा लाइट बंद करा, खोलीत अंधार करा आणि मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरपा मारा, जास्त वेळ नको, अल्बिनो माशाला उजेड सोसत नाही, एक दोन मिनिटं पुरे. एनियसच्या डोक्यामागे आणि खांद्याशी हिरवट-सोनेरी चमक दिसते. पॅलिएटसच्या काही माशांवर धब्ब्यांच्या जागी अगदी फिकट सावल्या दिसतात, कपडा धुतल्यावर राहिलेल्या डागासारख्या, एका कोनात दिसतात आणि मासा वळला की गायब. सगळ्यांवर नसतात, त्यामुळे नाही दिसल्या म्हणून पॅलिएटस नाही असं धरू नका, पण दिसल्या तर पक्कं समजा. तुमच्या उंच फिनवालीवर मला शेपटीच्या जरा अलीकडे तसं काहीतरी दिसलं.

तिसरी एक जात आहे, स्टर्बाय, तीही अल्बिनो येते, महाग असते म्हणून सहसा कोणी चुकून देत नाही. तिच्या छातीजवळच्या फिनचा पुढचा काटा केशरी-पिवळा असतो, अल्बिनोत सुद्धा तो रंग राहतो. असा केशरी काटा दिसला तर प्रश्नच मिटला.

आता मे महिना. पॅलिएटस मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ला प्लाटा नदीच्या खोऱ्यातली, म्हणजे अर्जेंटिना, उरुग्वे, दक्षिण ब्राझील, जिथे चांगली थंडी पडते. बीगल जहाजावरच्या प्रवासात चार्ल्स डार्विनने हिचे नमुने गोळा केले होते आणि 1842 मध्ये जेनिन्स या शास्त्रज्ञाने तिला नाव दिलं. तिला 18 ते 23 डिग्री पाणी आवडतं. एनियसचं पहिलं वर्णन 1858 मध्ये त्रिनिदादच्या माशांवरून झालं, ती 26-27 पर्यंत आरामात राहते. स्टर्बाय ब्राझील-बोलिव्हिया सीमेवरच्या ग्वापोरे नदीतली, तिला 28 ला पण काही वाटत नाही. आता तुम्हीच सांगा, नागपूरच्या 33 डिग्री पाण्यात कोपरा धरून कोण बसणार. माझं स्पष्ट मत आहे की नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात पॅलिएटस घेऊच नये, मग ती अल्बिनो असो की साधी, मासा चांगला आहे पण गाव त्याचं नाही. स्टर्बाय परवडत असेल तर ती घ्या, नाहीतर एनियस.

पण आता घेतल्याच आहेत तर सांभाळायच्या. 20 डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 35 ला 7 च्या आसपास, म्हणजे गरम पाण्यात माशाला जास्त हवा लागते आणि मिळते कमी. कोरी अधूनमधून सुर्रकन वर येऊन हवेचा घोट घेऊन खाली जाते ते नॉर्मल आहे, ती आतड्यातून पण श्वास घेते. पण दर मिनिटाला वर येऊन राहिली असेल तर एअर पंप वाढवा. टाकीचं झाकण काढून जाळी टाका आणि छोटा टेबल फॅन पाण्यावर तिरपा सोडा, आपल्याकडे मे मध्ये हवा इतकी कोरडी असते की बाष्पीभवनाने दोन तीन डिग्री सहज उतरतात. हीच ट्रिक जुलैत चालत नाही, दमट हवेत पाणी उडतच नाही. बर्फाचे तुकडे टाकू नका, तापमान एकदम खालीवर झालेलं आणखी वाईट. आणि पाणी बदलायचं तर सकाळी सहा सातला बदला. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हात भाजेल असं असतं, त्यात लोकं अंदाजे दोन मग टाकतात आणि मग मला विचारतात रात्रीत काय झालं.

आणि हो, पकडताना जाळी वापरू नका. कोरी घाबरली की छातीचे काटे ताठ करून लॉक करते, जाळीत अडकली की सोडवता सोडवता काटा मोडतो नाहीतर तुमच्या बोटात जातो, चांगलं ठणकतं. प्लॅस्टिकचा डबा बुडवा, तिला काचेकडे हळूच हाकला आणि डब्यात घ्या. वेगळ्या केल्यावर प्रत्येक जातीच्या अजून चार पाच तरी घ्या, कोरी आपल्याच जातीच्या घोळक्यात खुलते, दोन दोन ठेवल्या तर दबकून राहतात.

नमस्कार सर. आमच्याकडे एक पांढरा सकर आहे, अडीच इंचाचा. घेताना ब्रिसलनोज सांगून 300 रुपये घेतले. आता भाचा म्हणतो हा साधा सकर आहे, फुटाफुटाचा होतो आणि टाकी घाण करतो. मिशांचे काटे तर अजून आलेच नाहीत. ओळखायचं कसं? – त्रिमूर्ती नगर

सर वगैरे राहू द्या. काट्यांची वाट बघू नका, ते नराला नाकावर येतात, तेही मासा मोठा व्हायला लागल्यावर, मादीला कडेला बारीकसे किंवा येतच नाहीत. तोवर थांबलात तर भाच्याचं बरोबर की दुकानदाराचं हे कळायला वर्ष जाईल. त्यापेक्षा पाठीवरच्या फिनचे काटे मोजा.

हे ऐकायला अवघड वाटतं पण आहे सोपं. सकर रात्री काचेला चिकटतो, बाजूच्या काचेवर असेल तेव्हा फिन उभारायची वाट बघा, पाठीमागून मंद उजेड असेल तर फिनमधले काटे ओळीने वेगळे दिसतात. फोनमध्ये स्लो मोशन लावा, एखादी फ्रेम मिळतेच. पुढचा जाड काटा सोडून द्या, त्याच्या मागचे फाटे फुटलेले मऊ काटे मोजा. ब्रिसलनोज म्हणजे अँसिस्ट्रसमध्ये साधारण सात असतात. मोठा होणारा जो सकर आहे, टेरिगोप्लिक्थिस, त्याला सेलफिन पण म्हणतात, त्यात दहा किंवा जास्त, अगदी चौदापर्यंत. मधला आकडा सहसा येतच नाही त्यामुळे एखादा चुकला तरी निकाल बदलत नाही. सेलफिनचा फिन उभारला की शिडासारखा पसरतो, पाठीचा बराच भाग झाकतो. ब्रिसलनोजचा लहान आणि आटोपशीर. शिवाय ब्रिसलनोज वरून बघितला तर चपटा, डोकं रुंद, आणि तोंडाच्या अगदी पुढच्या कडेला चिलखताची पट्टी नसते, तिथे कातडी मऊ असते.

तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला, मला अकरा दिसले, एखादा इकडे तिकडे. म्हणजे भाचा जिंकला. हा मासा दीड फुटाच्या आसपास जाऊ शकतो, ब्रिसलनोज पाच सहा इंचावर थांबतो. दोन फुटी टाकीत हा दिवाळीपर्यंत मावेल, पुढे नाही. दुकानात परत घेतात का विचारा, किंवा मोठ्या टाकीवाल्याला द्या. दुकानदाराने मुद्दाम फसवलं असंही नाही म्हणत, होलसेलमधून येताना छोटे पांढरे सकर एकाच पिशवीत येतात आणि त्याला पण मोजायला वेळ नसतो, पण पुढच्या वेळी दुकानातच काचेवर चिकटलेला मासा बघून मोजून घ्या, 300 रुपये तुमचे आहेत.

आणखी एक, काहींच्याकडे पिवळसर ब्रिसलनोज असतो आणि डोळे लाल नसून गडद निळे-काळे असतात. तो अल्बिनो नाही, वेगळा प्रकार आहे, त्यालाही एल 144 अशा नंबराने विकतात. डोळे बघा, लाल नसतील तर अल्बिनोचे पैसे देऊ नका आणि उलटपण.

मुलाच्या वाढदिवसाला व्हाइट शार्क दिला होता बोटाएवढा. आता फुटाच्या वर झालाय, दोन फुटी टाकीत नुसता इकडून तिकडे धावतो आणि काचेवर नाक आपटून घेतो. दुकानात म्हणाले होते की मासा टाकीएवढाच वाढतो. दुसऱ्या एका दुकानात फोटो दाखवला तर म्हणे हा शार्क नाही, पांढरा मांगूर आहे. – महाल

मांगूर नाही. मांगूर असता तर धावला नसता, तळाला पडून राहिला असता. आणि शार्क तर नाहीच. तुमच्याकडे पंगास आहे, पॅन्गेशियनोडॉन हायपोफ्थॅल्मस, मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांमधला. मिशांच्या दोनच जोड्या, पाठीवरचा फिन छोटा आणि पुढेच, त्यामागे शेपटीकडे एक चिमुकला मांसल पर, शेपूट दोन टोकांची, आणि मध्यात सतत पोहणं. मांगुराला मिशांच्या चार जोड्या, पाठीवरचा फिन डोक्यामागून सुरू होऊन पार शेपटीपर्यंत, मांसल पर नाहीच, शेपूट गोल. या दोघांत घोळ घालणाऱ्याने मासा बघितलाच नाही, नुसता रंग बघितला.

टाकीएवढाच वाढतो हे साफ खोटं आहे राजेहो, आणि हे वाक्य मी नागपुरातल्या कितीतरी काउंटरवर ऐकलंय. छोट्या टाकीत मासा खुरटतो, पाठ वाकते, पाण्यातला अमोनिया वाढतो आणि लवकर मरतो, याला वाढ थांबणं म्हणत नाहीत. हा मासा नदीत सव्वा मीटरच्या वर आणि 40 किलोपेक्षा जास्त होतो. आपल्याकडे आंध्रात याची मोठी शेती होते आणि हॉटेलात बासा म्हणून प्लेटमध्ये येतो तो बऱ्याचदा हाच. तुम्ही मुलाला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आत्ता करायचं काय, तर टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून गडद कागद लावा, अचानक लाइट लावू-बंद करू नका, अल्बिनोला कमी दिसतं आणि हा मुळात घाबरट घोळक्याचा मासा आहे, दचकला की काचेवर जातो. नाकाची जखम असेल तर पाणी स्वच्छ ठेवलं की भरते. आणि मोठं तळं असलेला फार्म किंवा ओळखीतलं बंदिस्त टाकं शोधा. घरात ठेवायचा हा मासाच नाही, दुकानात बोटाएवढा विकायलाच नको असं माझं मत आहे, पण विकतात.

दादा, रात्री टाकीतून पांढरी कॅटफिश बाहेर येऊन किचनच्या फरशीवर सापडली, तरी जिवंत. सासूबाई म्हणतात अपशकुन आहे, फुटाळा तलावात सोडून ये. सोडू का? – गोकुळपेठ

नका सोडू. अपशकुन काही नाही, मांगूर आहे, त्याच्या कल्ल्यांच्या वर फांद्यांसारखा एक अवयव असतो त्याने तो हवेतून श्वास घेतो, आणि छातीच्या काट्यांवर रेटा देत जमिनीवर सरकतो. अंग ओलं राहिलं तर बराच वेळ जगतो. झाकणाला वजन ठेवा, एवढाच उपाय. उचलताना ओला टॉवेल टाका, काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरा, विषाचा ठणका त्याने कमी होतो.

पण तुमच्या प्रश्नातला गंभीर भाग पुढे आहे. पांढरा मांगूर दोन प्रकारचा असू शकतो. एक आशियातला मांगूर, आणि दुसरा आफ्रिकन, क्लॅरियस गॅरिपिनस, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात आणि ज्याच्यावर केंद्र सरकारने 2000 मध्येच बंदी घातली, पाळायलाही आणि विकायलाही. ओळखायची जागा डोक्याच्या मागे आहे. मासा झाकणाच्या बादलीत घ्या, पाणी उथळ ठेवा आणि बरोबर वरून बघा. डोक्याचं हाड मागे जिथे संपतं तिथे आशियातल्या मांगुराला एकच निमुळतं टोक असतं. आफ्रिकनमध्ये तीच कड इंग्रजी डब्ल्यूसारखी, तीन टोकांची दिसते. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलावांवर मासे धरणारे ढिवर समाजातले कोणी ओळखीचे असतील तर त्यांना फोटो दाखवा, त्यांच्या हातून देशी मांगूर रोज जातो. आणि एक तिसरा शिंगी आहे, त्याचा पाठीवरचा फिन अगदी छोटा असतो, लांब नाही, त्यामुळे तो लगेच वेगळा काढता येतो, पण त्याचा काटा मांगुरापेक्षा जास्त विषारी, हात लावू नका.

डब्ल्यू दिसला तर मासा कुणाला देऊ-विकू नका, जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. आणि फुटाळा, अंबाझरी, गांधीसागर, कुठेच नाही. 2023 च्या सप्टेंबरमध्ये अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि पाणी शहरात शिरलं, ते नागपूरकराला सांगायला नको. तलावातला मासा असाच नाग नदीत जातो, नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला, पुढे गोसीखुर्द धरण. एकदा गेला की परत कोण काढणार. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये 1960 च्या दशकात अगदी हेच झालं, शोभेसाठी आणलेला चालणारा मांगूर फार्ममधून सुटला, आणि गंमत म्हणजे सुरुवातीच्या माशांत पांढरेच जास्त होते. पुढे पांढरे दिसेनासे झाले, बहुधा बगळ्यांना आणि मोठ्या माशांना ते आधी दिसायचे, आणि राहिले ते काळपट, जे आता काढता निघत नाहीत. तिथल्या मासेपालकांना तळ्याभोवती कुंपण घालावं लागलं, कारण मांगूर रात्री सरपटत येऊन पिल्लं खायचा. सासूबाईंना एवढं वाचून दाखवा.

गुलाबी, निळी, हिरवी अशी कलर कोरी घेतली, दोन महिन्यात पांढरी पडली. आजार आहे का?

आजार नाही, रंग उतरला. या अल्बिनो एनियसच असतात, त्यांना रंगाच्या पाण्यात बुडवतात किंवा सुईने अंगात रंग भरतात. नैसर्गिक निळी-गुलाबी अशी कोरी नसते. या प्रकारात बरेच मासे दुकानात पोचायच्या आधीच मरतात आणि जे उरतात त्यांना संसर्ग लवकर लागतो. तुमच्या वाचल्या, आता नीट सांभाळा, पण पुन्हा अशा घेऊ नका आणि कोणी घेताना दिसलं तर सांगा. दुकानदाराला मागणी दिसते म्हणून तो आणतो.

काचेसारखी आरपार दिसणारी कॅटफिश अल्बिनोच ना?

नाही. तिला ग्लास कॅटफिश म्हणतात, तिचं अंगच पारदर्शक आहे आणि डोळे काळे. लाल डोळे नाहीत तिथे अल्बिनो नाही, वर लिहिलंच आहे. एकटी ठेवू नका, सहा तरी लागतात.

दोन लाल डोळ्यांच्या कोरीनी काचेवर अंडी दिली, त्यातून निघालेली पिल्लं सगळी तपकिरी! टाकीत ब्रॉन्झ कोरीपण आहेत. नेमकं कोणाचं काय? – प्रताप नगर

अंडी त्या दोघींनी दिली असतील, पण बाप दुसरा होता. अल्बिनो गुण दबणारा असतो, आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लू पांढरं होतं. तुमच्या ब्रॉन्झ नराने अंडी फळवली असतील तर पहिल्या पिढीत सगळी तपकिरीच दिसणार, पण प्रत्येकाच्या अंगात तो गुण लपलेला असतो. हीच तपकिरी पिल्लं मोठी करून त्यांच्यात जोडी लावलीत तर पुढच्या खेपेला साधारण चारातलं एक पांढरं निघेल. पांढरीच हवी असतील तर दोन्ही बाजूंना लाल डोळे पाहिजेत, आणि अर्थातच दोन्ही एनियस पाहिजेत, एक एनियस आणि एक पॅलिएटस अशी पांढरी जोडी लावून बसाल तर पिल्लांची वाट बघण्यात अर्थ नाही, त्यामुळे आधी वर मानेवाड्याच्या वाचकाला सांगितलेला टॉर्चचा प्रकार करून बघा आणि वरून रुंद कोण बारीक कोण ते बघून नर-मादी ठरवा. अंडी काचेवरून ब्लेडने नाही, बोटाने हळू लोटून काढा, चांगली चिवट असतात, फुटत नाहीत. वेगळ्या डब्यात थोडी हवा सोडा, पांढरी दुधट झालेली अंडी रोज काढून टाका, नाहीतर बुरशी बाकीच्यांवर जाते. आत्ताच्या गरमीत अंडी तीन चार दिवसात फुटतात.